‘उठवू नका हो त्यांना!’

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. त्यामुळे आजारपणावर बोलायला मला उभं केलं तेव्हा पहिला प्रश्न मलाच पडला, की आपण कोण? पण समितीचं म्हणणं, तुम्ही जे भोगलं ते सांगा. मग मी कबूल झालो. जे सांगणार आहे त्यातली वैद्यकीय बाजू सी विंगमधल्या आपल्या डॉक्टरबाईंनी आधी वाचून, दोन ठिकाणी लाल शाई मारून दुरुस्त करून दिली आहे. त्या इथे पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, मी चुकलो तर हात वर करतील.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण चाव्या घेतल्या तेव्हा आपल्यातले बहुतेक जण पन्नाशीच्या आतबाहेर होते. तेव्हा मीटिंगमध्ये भांडणं कशावरून व्हायची? पार्किंग आणि मुलांचं क्रिकेट. आता मुलं परदेशी किंवा दुसऱ्या उपनगरात, आणि आपण एकमेकांना भेटतो ते दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये. गेल्या दोन वर्षांत आपल्या तीन विंग मिळून गुडघ्याची, खुब्याची, प्रोस्टेटची, हर्नियाची किती ऑपरेशनं झाली याची मी बोटांवर मोजदाद केली. बोटं पुरली नाहीत. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी आपल्यापैकीच रात्री पेशंटजवळ झोपायला गेलं. म्हणून हा विषय पेशंटइतकाच जवळ बसणाऱ्याचा आहे.

विषय म्हणजे पायात होणारी रक्ताची गुठळी. डॉक्टर तिला डीव्हीटी म्हणतात.

आमच्या दादाचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. माझा थोरला भाऊ. 2017 च्या पावसाळ्यात तो वाईहून आमच्याकडे आला होता. वय 76, पण सकाळी उठून आपल्या बागेला पाच फेऱ्या मारणारा माणूस. खालच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, रॉड बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात ऑपरेशनचा काही दोष नव्हता.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक सिस्टर आल्या. सातारकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. वय तिशीच्या आत. "आजोबा, चला, पाय खाली सोडून बसायचंय." दादानं नुसतं हलवल्यावर असा आवाज काढला की माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उठवू नका हो त्यांना! कालच ऑपरेशन झालंय." त्या म्हणाल्या, "काका, पडून राहिले तर पायात रक्त गोठतं." मी म्हणालो, "ते डॉक्टर बघतील, तुम्ही त्यांना झोपू द्या." एवढ्यावर थांबलो नाही. दुपारी इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन रीतसर तक्रार केली. बँकेत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यात जन्म गेला होता, तेव्हा तक्रार कशी करायची ते मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतर त्या सिस्टर यायच्या, पण मी खुर्चीत बसलेला दिसलो की त्यांच्या आवाजातला जोर कमी व्हायचा. दोन दिवस दादा जवळजवळ पडूनच राहिला.

दुसरं म्हणजे पाणी. दादाला पॉट घ्यायची लाज वाटायची. मग आम्हीच पाणी तोडलं. वहिनी चमच्याचमच्यानं द्यायच्या, सारखं उठायला नको म्हणून. तिसरं, रोज पोटात एक इंजेक्शन असायचं. त्यानं पोटावर काळेनिळे डाग पडले. घरी सोडताना सांगितलं होतं की हे इंजेक्शन आणखी काही आठवडे चालू ठेवायचं आहे, कार्डावर लिहिलेलंही होतं. आठ दिवस ओळखीचा कंपाउंडर येऊन देऊन गेला. मग दादा म्हणाला, "पुरे आता, पोटाची चाळण झाली." टाके काढले होते, जखम सुकली होती. मला वाटलं, इंजेक्शन जखमेसाठीच असणार. जखम सुकली, मग कशाला? बंद केलं. डॉक्टरांना विचारायला एक फोनसुद्धा केला नाही. कर्जाच्या सँक्शन लेटरमधली शेवटची अट वाचल्याशिवाय सही न करणारा मी, डिस्चार्ज कार्डावरचं औषध कशाचं आहे हे विचारलं नाही.

चार दिवसांनी दादाची पोटरी दुखायला लागली. ऑपरेशन झालेल्याच पायाची, म्हणून आम्हाला विशेष वाटलं नाही. वहिनींनी तेल कोमट केलं. त्या चोळायच्या, त्या दमल्या की मी चेपायचो. पाय थोडा सुजलाही होता. सुजणारच, ऑपरेशनचा पाय तो.

आणखी दोन दिवसांनी सकाळी दादा वॉकर धरून बाथरूमकडे निघाला आणि दारातच खाली बसला. श्वास लागला होता, ओठ निळसर. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ए विंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, म्हणून तुमच्यापैकी चौघांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीतून खाली उतरवलं. (लिफ्टचा विषय निघालाच आहे तर, नवीन लिफ्टचं टेंडर काढताना केबिनची खोली मोजून घ्यावी अशी माझी लेखी विनंती समितीकडे दिलेली आहे.) दुसऱ्या दिवशी आयसीयूत तो गेला. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती. त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात.

त्या वेळी भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, पण आयुष्याची दोरी तेवढीच होती. तुम्हीही मान हलवलीत. आज इथे सांगतो, ते अर्धंच खरं होतं. आयसीयूच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "इंजेक्शन चालू होतं ना?" मी खाली बघितलं. ते भले गृहस्थ म्हणाले, "सगळं व्यवस्थित करूनही काही जणांना गुठळी होते, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही." मी ते धरून बसलो. वहिनींना मात्र इंजेक्शनचं खरं कारण मी तीन वर्षांनी सांगितलं.

आता, रक्त शिरेत गोठतं कशामुळे? जर्मनीत रुडॉल्फ विर्खो नावाचे मोठे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी 1856 च्या सुमारास गुठळ्यांवर मूलभूत काम केलं, आणि त्यावरून तीन कारणं त्यांच्या नावानं आजही शिकवतात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा मुळातच गोठण्याकडे कल वाढणं. त्यांचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर. 2014 पासून तो जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. आता खुब्याचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. पडून आहे, म्हणजे वेग मंदावला. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, म्हणजे आसपासच्या शिरांना धक्का बसला. आणि शरीराला जखम झाली की ते रक्तस्राव थांबवायला रक्त गोठवायची तयारी करतंच. तिन्ही कारणं एकाच खाटेवर.

वेग का मंदावतो ते मला डॉक्टरबाईंनी आपल्या भाषेत समजावलं. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण तिथून वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर जातं. शिरेत झडपा आहेत, त्यामुळे ते परत खाली येत नाही. म्हणजे टाकीला पाणी चढवणारा पंप आपल्या पोटरीत आहे. माणूस आडवा झाला की पंप बंद. बी विंगमध्ये जे फ्लॅट कित्येक महिने कुलूपबंद असतात, त्यांच्या नळाला पहिलं पाणी कसं येतं ते आपल्याला ठाऊक आहे.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पूर्वी डॉक्टरसुद्धा ऑपरेशननंतर पेशंटला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. 1947 साली रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवरच लेख लिहिला, त्यात गुठळीही होती. म्हणजे जे डॉक्टरांना समजून पाऊणशे वर्षं होऊन गेली ते आपल्या घरांत अजून पोचलेलं नाही. आपल्याकडे माया म्हणजे काय? "उठू नकोस, मी आहे ना." "पाणी जास्त नको, सारखं उठावं लागेल." "पाय दे इकडे, चेपतो." आणि बाळंतिणीला तर सव्वा महिना खाटेवर. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं जास्त धोक्याचे असतात, सिझेरियन झालं असेल तर आणखी. घरात सुना-लेकी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. विश्रांती हवीच, पण घरातल्या घरात चालणं बंद करायचं नाही.

दुसरी गोष्ट 2022 ची. आमच्या सौ.चा डावा गुडघा बदलायचं ठरलं. दवाखाना दुसरा होता. दाखल झाल्यावर केरळच्या एक सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. मराठी मोडकं, पण प्रश्न पक्के. वय किती? 68. वजन, उंची? पायावर फुगलेल्या शिरा आहेत का? आधी कधी पाय एकाएकी सुजून दुखला होता? कॅन्सरचा इतिहास? हार्मोनच्या गोळ्या? आई-वडील, भावंडांपैकी कुणाला कधी रक्ताची गुठळी?

सौ. म्हणाली, नाही. सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आंटी, गुठळी नाही बोलत कोणी. कोणाचा पाय सुजला, खूप दिवस? कोणी एकदम गेला, श्वास लागून?" मग सौ. विचारात पडली. तिच्या धाकट्या मामाच्या वेळी... नाही, ते वेगळं. पण आईचा पाय! धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईचा एक पाय सुजला होता, महिनाभर ती उठली नव्हती, आणि त्या काळी गावच्या डॉक्टरांनी शिरेत रक्त साकळलंय असं सांगितलं होतं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो. सिस्टरनी ती डॉक्टरांसाठी वेगळी लिहिली आणि फॉर्मवर तीन गुण टाकले.

गुण म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. अहो, हे तर आमचं रिस्क रेटिंग! कर्जदाराचं वय, धंदा, तारण, जुनी थकबाकी, प्रत्येकाला गुण आणि शेवटी बेरीज. हा तक्ता कॅप्रिनी नावाच्या अमेरिकन सर्जननं तयार केला. वय 61 ते 74 ला दोन गुण, 75 आणि पुढे तीन. पायावरच्या फुगलेल्या शिरांना एक. वजन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त, एक. जवळच्या नात्यात गुठळी, तीन. आणि गुडघा किंवा खुबा बदलणं, किंवा खुबा मोडणं, याला एकदम पाच. बेरीज पाच किंवा त्यावर गेली की सर्वांत वरचा धोका. सौ.ची बेरीज झाली बारा. मी मनातल्या मनात दादाचा फॉर्म भरला: वयाचे तीन, खुब्याचे पाच, आठ इथेच झाले.

ज्यांचं ऑपरेशन नाही, न्यूमोनिया किंवा हार्ट फेल्युअरसारख्या आजारासाठी दाखल केलंय, त्यांच्यासाठी वेगळा तक्ता आहे, इटलीतल्या पादुआ शहराच्या नावाचा. त्यात चार गुण म्हणजे जास्त धोका. आणि तीन दिवस किंवा जास्त अंथरुणात, फक्त बाथरूमपुरतं उठणं, याला एकट्याला तीन गुण; वय सत्तर किंवा पुढे, एक. झाले की चार! या सभागृहात सत्तरीच्या पुढचे किती आहेत ते मी विचारत नाही. आजार काय आहे हे पाहण्याआधीच आपण चारावर असतो.

पण कर्ज विभागात एक शिकलो होतो. नुसतं परत येईल का एवढंच पाहायचं नसतं, उलटी बाजूही पाहायची. गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन रक्त सहज गोठू देत नाही, म्हणजे रक्तस्रावाची भीती. म्हणून त्याच सिस्टरनी पुढे विचारलं, पोटात अल्सर होता का, हिरड्यांतून रक्त येतं का, अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, आयुर्वेदिक काढे-चूर्णं काय घेता. क्रिएटिनिनचा आणि प्लेटलेट्सचा रिपोर्ट पाहिला. किडनी मंद असेल तर औषध शरीरात साचतं. आणि हेपारिन जातीच्या औषधानं क्वचित प्लेटलेट्स उतरतात. औषध ठरवणार डॉक्टर, पण त्यांच्यापुढे ही माहिती मांडणारी सिस्टर. सौ.ला कमरेत सुई देऊन भूल दिली होती. ती सुई आणि इंजेक्शन यांच्यात ठरलेल्या तासांचं अंतर लागतं, नाही तर मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. केसपेपरवर त्या वेळांना लाल गोल केलेला होता.

आणि रेटिंग एकदा केलं की फाइल बंद, असं नव्हतं. ऑपरेशननंतर पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी ताप आला तेव्हा पुन्हा. आमच्याकडे यालाच रिव्ह्यू म्हणत, आणि तो वेळेवर न झाल्यानं किती खाती बुडाली ते मला विचारा.

आता रोजच्या रोज त्या काय करायच्या ते जरा निवांत सांगतो, कारण जवळ बसणाऱ्याच्या उपयोगाचं हेच आहे.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच सौ.ला सांगितलं, पायाची बोटं स्वतःकडे ओढा, मग खाली दाबा. जागी असाल तेव्हा तासातासाला दहा-बारा वेळा. पोटरीचा पंप हातानं चालवण्यासारखं ते. मी घड्याळ लावून बसायचो आणि शिव्या खायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवायला आल्या. सौ. कळवळली, माझ्या तोंडापर्यंत तेच वाक्य आलं होतं. मी उठून व्हरांड्यात गेलो. परत आलो तेव्हा ती पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसली होती. एकदम उभं करत नाहीत. आधी बसवतात, चक्कर येते का पाहतात, वेदनेचं औषध आधी देऊन ठेवतात. सातारच्या त्या मुलीनंही हीच वेळ साधली होती, गोळी दिल्यानंतर अर्ध्या तासाची. मी लक्षात घेतलं नव्हतं.

पायाला पट्टे बांधून हवेचं एक मशीन लावतात. ते ठरावीक वेळानं पोटरी आवळतं आणि सोडतं. आवाज घुर्र-घुर्र येतो, झोप मोडते, म्हणून नातेवाईक रात्री बटण बंद करतात. करू नका. आणि त्याहून मोठी गोम म्हणजे बाथरूमला जाताना पट्टे काढतात आणि परत आल्यावर लावायचं राहून जातं. मशीन चालू, पट्टे खुर्चीवर! सिस्टर एका वेळी पाच-सहा पेशंट सांभाळत असते. पट्टे परत लागलेत का एवढं पाहणं आपल्याला जमतं.

घट्ट मोज्यांबद्दल आपल्याकडे भलताच विश्वास आहे. मेडिकलमधून ‘मीडियम द्या’ म्हणून आणायचे आणि चढवायचे. तसं नसतं. टेप लावून पोटरी मोजून साइझ ठरवतात. वरून गुंडाळी झाली तर तिथंच करकचून आवळतं, फायद्याऐवजी तोटा. रोज काढून टाच आणि कातडी पाहावी लागते. मधुमेहामुळे किंवा तंबाखूमुळे ज्यांच्या पायाच्या धमन्यांतच रक्त कमी जातं, त्यांना तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालायचेच नाहीत. आणि पक्षाघाताच्या पेशंटवर ब्रिटन आणि इतर काही देशांत मोठा अभ्यास झाला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी त्यांच्या गुठळ्या कमी झाल्या नाहीत, कातडीच्या जखमा मात्र वाढल्या. पुढे 2013 मध्ये त्याच मालिकेत दिसलं की हवेच्या मशीननं फायदा होतो. तेव्हा शेजारच्या खाटेवर मोजे आहेत आणि आपल्याला का नाहीत, यावरून सिस्टरशी भांडू नका. मी भांडणार होतो.

पोटातलं इंजेक्शन बेंबीपासून दोन इंच सोडून, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. दिल्यावर चोळायचं नाही. चोळलं की डाग मोठे होतात. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, तो तसाच ठेवून टोचतात. हे मला सिस्टरनी घरी जायच्या आधी दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करवून घेतलं. हात थरथरत होता. सौ. म्हणाली, सही करताना नाही थरथरत तो!

पाण्याचा हिशेब फळ्यावर लिहायला लावला. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं नसेल, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला तसं सांगतात, तर पेशंटला कोरडा ठेवायचा नाही. गुडघ्याखाली उशी ठेवून पाय दुमडून झोपवायचं नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही.

आणि रोज दोन वेळा पांघरूण बाजूला करून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहायच्या. रंग, ऊब, सूज. चौथ्या दिवशी सिस्टरनी टेप काढली. गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटीमीटर खाली मोजतात. दोन पायांत तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला. मी म्हणालो, ऑपरेशनचा पाय आहे, सुजणारच. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाईचं ते कोमट तेल आठवलं. सिस्टर म्हणाल्या, "सुजतो काका, पण विचारायला काय जातंय?" त्यांनी डॉक्टरांना फोन केला, तासाभरात डॉपलर सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती. नुसती ऑपरेशनची सूज. तो तास मी कॉरिडॉरमधल्या खिडकीशी उभा होतो. डॉपलरचं बिल मी फाइलला जपून लावलं आहे. मी आयुष्यात भरलेल्या बिलांत मला हे सर्वांत स्वस्त वाटतं.

घरी सोडताना त्यांनी कार्डावर माझ्यासमोर बोट ठेवून विचारलं, "हे औषध कशाचं?" मी सांगितलं, गुठळी होऊ नये म्हणून. "कधी बंद करायचं?" डॉक्टर सांगतील तेव्हा. "डाग पडले, हिरडीतून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर?" फोन करायचा, आपणहून बंद करायचं नाही. "अंगदुखीची गोळी मेडिकलमधून?" विचारल्याशिवाय नाही. तोंडी परीक्षाच. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे औषध साधारण पस्तीस दिवसांपर्यंत चालतं. दादाचं मी अकराव्या दिवशी बंद केलं होतं.

कारण धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही. घरी आल्यावरही सुमारे तीन महिने तो राहतो. एकाच पायाची सूज, पोटरीत दुखणं, कातडी लाल-गरम: त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर चोळायचं नाही, शेकायचं नाही. एकाएकी धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ: तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता 108 ला फोन, आणि ऑपरेशन कधी झालं ते आधी सांगायचं. कधी कधी पायात काहीच दिसत नाही आणि थेट छातीचीच लक्षणं येतात, हेही डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम घालायला सांगितलं आहे.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांचा प्रश्न आलाय चिठ्ठीवर. सोळा-सतरा तास एका जागी बसणं यालाही हेच लागू: घोटे हलवा, पाणी प्या, मधून मधून उठा. पण ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

त्या सातारच्या सिस्टरला भेटायला मी दादाच्या वर्षश्राद्धानंतर दवाखान्यात गेलो होतो. त्या नोकरी सोडून गेल्या होत्या, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. तक्रारीच्या वहीत माझी सही असलेलं पान मात्र तिथं असणार.

दवाखान्यात दाखल होताना आणि घरी येताना सिस्टरला काय काय विचारायचं, त्याची एक पानी प्रत मी मराठीत टाइप करून घेतली आहे. ती सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवलीय, व्हीलचेअरच्या रजिस्टरशेजारी. हवी त्यांनी न्यावी. औषधांचे प्रश्न कृपया मला विचारू नका, डॉक्टरबाई चहाला थांबणार आहेत.